शाळेच्या घंटेवरचा 90 आणि रुळांवरचे इतर आकडे

सातपुडा_रावेर

नमस्कार. मी रावेर तालुक्यातील एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्याच्या तुळईला साखळीने टांगलेला रुळाचा हातभर तुकडा आहे. मागच्या आठवड्यात धातूंचे गुणधर्म शिकवताना आठवीच्या मुलांना तो जवळून पाहायला लावला. एका मुलीने त्याच्या मधल्या उभ्या भागावर खडू आडवा धरून घासला, तेव्हा गंजाखाली दडलेली उठावाची अक्षरे पांढरी होऊन वर आली. ‘90’ हा आकडा, त्यापुढे इंग्रजी ‘आर’, आणि जिथे तुकडा कापला आहे त्या कडेशी एका बाणाचे शेपूट, एवढेच वाचता आले.

माझे वडील, म्हणजे आबा, 31 वर्षे रेल्वेच्या गँगमध्ये होते आणि शेवटची काही वर्षे चावीवाला म्हणून रोज रूळ तपासत चालत होते. त्यांनी खडूने उमटलेली अक्षरे पाहताच सांगितले, “हा नव्वद आरचा रूळ. आता तो कुठे राहिला? आता सगळीकडे साठचा टाकला.” हे मी वर्गात सांगितले, तर मुलांनी लगेच विचारले, “बाई, 90 मोठा की 60? मोठा काढून लहान का बसवला?” मला उत्तर देता आले नाही, आणि मुलांना अंदाजाने काही सांगावे असे वाटेना.

घरी आबांची जुनी वही काढली, तर गोंधळ वाढला. तिच्यात एके ठिकाणी ‘52 किलो, 90 यूटीएस’ असे आहे, पुढे ‘60 किलो, 880’ असे आहे, आणि सध्या याच कामावर असलेला माझा भाचा ‘आर 260’ म्हणतो. हे सगळे आकडे एकाच गोष्टीचे आहेत की वेगवेगळ्या? रुळाची बळकटी यांपैकी कोणता आकडा सांगतो? पाठ्यपुस्तकात कठीणपणा, तन्यता, वर्धनीयता असे शब्द आहेत. त्यांतला कोणता शब्द कोणत्या आकड्याला लावावा, हेही जाणकारांनी सांगावे.

गिरणाकाठ

ताई, माझा रेल्वेला साहित्य पुरवण्याचा थोडाफार व्यवसाय आहे, त्या अनुभवावरून लिहितो. 90 म्हणजे 90 यूटीएस, म्हणजेच हल्लीचा 880. तेव्हा आपल्या घंटेचे पोलाद आणि आजच्या रुळाचे पोलाद एकच आहे, असे मुलांना सांगायला हरकत नाही. 60 हे वजन आहे. आकडा लहान दिसतो, कारण तो वेगळ्या गोष्टीचा आहे.

तापीतीर_भुसावळ

गिरणाकाठ यांच्या उत्तरातील शेवटची दोन वाक्ये बरोबर आहेत, परंतु 90 च्या अर्थाबाबत नेमकी तीच चूक झाली आहे जी आम्ही नव्या भरतीच्या मुलांकडून पहिल्याच दिवशी दुरुस्त करून घेत असू. मी रेल्वेमार्गाच्या देखभालीत पर्यवेक्षक म्हणून काम करून निवृत्त झालो. ‘90 आर’मधला 90 आणि ‘90 यूटीएस’मधला 90 यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

‘90 आर’ हे वजन आहे, फक्त ते इंग्रजी मापात आहे : एका वाराला 90 पौंड. ‘आर’ हे अक्षर सुधारित ब्रिटिश मानकाचे, म्हणजे ‘रिव्हाइज्ड’ या शब्दाचे आद्याक्षर आहे. हे वजन दशमान मापात आणले तर मीटरला सुमारे 44.6 किलो येते. पुढे आपल्याकडे 52 किलोचा रूळ आला आणि त्यानंतर 60 किलोचा. हे दोन्ही आकडे मीटरमागच्या किलोंचे आहेत. म्हणून मुलांना सांगा की 90 काढून 60 बसवला हे खरे, पण ते 90 पौंड होते आणि हे 60 किलो आहेत; प्रत्यक्षात मीटरमागे 15 किलोहून अधिक पोलाद वाढले आहे. जुन्या लोकांच्या तोंडी ‘साठ आर’ असाही शब्द ऐकू येईल. तो वाराला 60 पौंडांचा, म्हणजे मीटरला सुमारे 30 किलोचा हलका रूळ, मीटरगेजवर चालणारा. ‘साठचा रूळ’ असे नुसते म्हटले तर कोणता साठ, हे विचारूनच घ्यावे लागते. भंगाराची यादी करताना या एका अक्षरापायी वजनात दुपटीचा फरक पडलेला मी पाहिला आहे.

वजन का वाढवले, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. रूळ हा त्याच्याखालच्या दोन आडव्या स्लीपरांमध्ये टाकलेल्या तुळईसारखा असतो. चाक त्यावरून जाताना तो किंचित खाली दबतो आणि पुन्हा वर येतो. तुळईची जाडी वाढवण्यापेक्षा उंची वाढवली की ती कमी वाकते, हे घर बांधणाऱ्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक असते. 90 आरची उंची सुमारे 143 मिलिमीटर, 52 किलोची 156 आणि 60 किलोची 172. बावन्नवरून साठवर जाताना वजन जेमतेम सोळा टक्के वाढते, पण वाकण्याला होणारा विरोध सुमारे एकेचाळीस टक्के वाढतो. मालगाडीच्या चाकांच्या एकेका आसावर वीस-बावीस टन आणि काही मार्गांवर त्याहून अधिक भार येत असताना, खालची खडी आणि स्लीपर यांचे आयुष्य या फरकावर ठरते.

बाणाच्या शेपटाविषयी आपण विचारले नाही, पण मुले विचारतीलच. पूर्वी वितळलेले पोलाद साच्यात ओतून त्याचे मोठे ठोकळे करत आणि ते तापवून लाटत लाटत रूळ काढत. ठोकळा थंड होताना त्याच्या वरच्या टोकाशी पोकळी राहण्याचा आणि गंधक-फॉस्फरससारखी अशुद्धता गोळा होण्याचा संभव अधिक असे. तो भाग कापून टाकत, तरीही ठोकळ्याचा माथा रुळाच्या कोणत्या बाजूला होता, हे पुढे दोष शोधताना कळावे म्हणून त्या दिशेचा बाण रुळाच्या अंगावरच उठवत. त्याच ओळीत रुळाचा प्रकार, पोलादाची प्रत, कारखान्याचे नाव, महिना आणि वर्ष येते. ही ओळ रंगवलेली नसते. लाटणाऱ्या रोलरवरच कोरलेल्या साच्याने ती उठते, म्हणून पन्नास-साठ वर्षांच्या गंजानंतरही खडूने वाचता येते.

पोलादाच्या प्रतीबद्दल धातुशास्त्र शिकलेल्या कोणी लिहिलेले बरे.

पांझराकाठ_धुळे

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवतो, म्हणून तापीतीर यांनी सोडलेला भाग पुढे नेतो.

‘यूटीएस’ म्हणजे पोलादाचा नमुना दोन्ही टोकांना धरून ओढला असता तुटण्यापूर्वी तो जास्तीत जास्त किती ताण सोसतो, त्याचे माप. मराठीत त्याला मी ताणबल म्हणतो. जुन्या मापात ते एका चौरस मिलिमीटरमागे किती किलोभार असे सांगत. तेव्हा 90 यूटीएस म्हणजे काडेपेटीतल्या काडीहून बारीक, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेवर 90 किलोचा माणूस लोंबकळला तरी ती तुटायची नाही, असे पोलाद. नंतर माप मेगापास्कलमध्ये आले. 90 ला 9.81 ने गुणले की सुमारे 883 येतात. त्याचाच सोयीचा आकडा 880. त्याच रीतीने जुना 72 यूटीएस हा 710 झाला आणि 110 यूटीएस हा 1080 झाला. म्हणजे आबांच्या वहीतील ‘90 यूटीएस’ आणि ‘880’ हे एकच पोलाद आहे, आणि त्यांच्या आधीचे ‘52 किलो’ आणि ‘60 किलो’ हे रुळाचे दोन आकार आहेत. एकाच आकाराचा रूळ वेगवेगळ्या प्रतीच्या पोलादाचा असू शकतो, हे लक्षात आले की निम्मा गोंधळ मिटतो.

‘आर 260’ मात्र तिसऱ्याच मापातून आलेले नाव आहे. हा ‘आर’ रेल या शब्दाचा, आणि 260 हा ब्रिनेल कठीणपणा. दहा मिलिमीटर व्यासाची अतिशय कठीण गोळी 3000 किलोभाराने रुळाच्या माथ्यावर दाबतात आणि तिने पाडलेल्या खळगीचा व्यास सूक्ष्मदर्शकातून मोजतात. खळगी जितकी लहान, तितका कठीणपणा अधिक. आर 260 या प्रतीत कठीणपणा 260 ते 300 च्या दरम्यान असावा लागतो आणि ताणबल किमान 880 मेगापास्कल असावे लागते. तेव्हा आपला भाचा आणि आबा जवळजवळ एकाच कुळातील पोलादाविषयी बोलत आहेत. एकाने त्याला ओढून मोजले, दुसऱ्याने दाबून.

आता शब्दांकडे येतो, कारण खरा प्रश्न मला तिथे दिसतो. ‘बळकट’ या एका शब्दाने आपण किमान तीन गुण झाकून टाकतो. ओरखडा आणि झीज यांना विरोध करणे म्हणजे कठीणपणा. ओढले असता न तुटणे म्हणजे ताणबल. आणि धक्का बसला असता किंवा बारीक भेग पडली असता एकदम दुभंगून न जाणे म्हणजे चिवटपणा. काच पोलादी सुरीलाही दाद देणार नाही इतकी कठीण असते, पण चिवट मुळीच नसते. केळीच्या खोडाचा वाख कठीण नाही, पण चिवट आहे. तुमच्या विद्यार्थ्यांनी तो हाताने तोडायचा प्रयत्न नक्की केलेला असेल. तन्यता हा याहून वेगळा, चौथा गुण आहे. 880 प्रतीच्या पोलादाचा 50 मिलिमीटर लांबीचा नमुना तुटेपर्यंत किमान 55 मिलिमीटरपर्यंत लांबला पाहिजे, ही अट तन्यतेची आहे. वर्धनीयतेचा, म्हणजे ठोकून पत्रा करण्याचा, इथे संबंध येत नाही.

हे गुण एकत्र वाढत नाहीत. साध्या बांधकामाच्या सळईत कर्ब चतुर्थांश टक्क्याच्या आसपास असतो, तर रुळाच्या पोलादात तो 0.6 ते 0.8 टक्के असतो. सूक्ष्मदर्शकाखाली असे पोलाद लोहाच्या आणि लोह-कार्बाइडच्या पातळ थरांनी भरलेले दिसते; मऊ, कठीण, पुन्हा मऊ, पुन्हा कठीण. या रचनेला पर्लाइट म्हणतात, कारण घासून चकचकीत केलेल्या नमुन्यावर तिची झाक मोत्याच्या शिंपल्यासारखी दिसते. थर जितके बारीक, तितके पोलाद कठीण आणि बळाचे. परंतु कर्ब वाढवत गेले तर झीज कमी होते आणि ठिसूळपणा वाढतो; कठीण केलेला रूळ झिजण्याऐवजी तडकला, तर तो फायदा नसून धोका आहे. म्हणून वळणावर, जिथे बाहेरच्या रुळाची आतली कड चाकाच्या कडेने सतत घासली जाते, तिथे 1080 प्रतीचा माथा-कठीण केलेला रूळ वापरतात. त्यात गरम रुळाचा फक्त माथा वेगाने थंड करतात, म्हणजे थर तिथे बारीक होतात आणि खालचा भाग तुलनेने नरम राहतो. मला ही रीत अतिशय आवडते, कारण तिच्यात कोणता गुण कुठे हवा, याचा विचार एकाच तुकड्यात दिसतो.

याच्याही पुढचे उदाहरण हवे असेल तर स्टेशनाजवळच्या सांध्यांत, जिथे एक मार्ग दुसऱ्याला छेदतो, तिथले ओतीव क्रॉसिंग दाखवावे. ते 12 ते 14 टक्के मँगनीज असलेल्या पोलादाचे असते. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी 1882 मध्ये शोधलेले हे पोलाद सुरुवातीला फारसे कठीण नसते, पण चाकांचे ठोके बसू लागले की त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो आणि आतला भाग चिवटच राहतो. त्याला लोहचुंबक चिकटत नाही. मुलांसाठी हा प्रयोग म्हणूनही चांगला आहे, अर्थात भंगारातील तुकड्यावर. चालू मार्गाजवळ मुलांना नेऊ नये.

सातपुडा_रावेर

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले, याबद्दल मनापासून आभार. आबांना सगळे वाचून दाखवले. ‘एकाने ओढून मोजले, दुसऱ्याने दाबून’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावले. त्यांनी एक शंका मात्र काढली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे भुसावळच्या यार्डात लांबच लांब रूळ घेऊन येणारी गाडी उभी असते, तिला कामगार ‘260 ची गाडी’ म्हणतात. तो 260 आणि भाच्याचा ‘आर 260’ हे एकच का? शिवाय आबा विचारतात की आमच्या वेळी 13 मीटरचा रूळ होता आणि दोन रुळांत उन्हाळ्यासाठी फट ठेवावी लागे. आता फटच नाही, तर जळगावच्या उन्हात पोलाद वाढते तरी कुठे?

तापीतीर_भुसावळ

आबांना माझा नमस्कार सांगा. ज्यांनी तेरा मीटरचे सांधे उन्हातान्हात सांभाळले, त्यांनाच हा प्रश्न पडू शकतो.

आधी 260 चे सांगतो. गाडीवरचा 260 हा लांबीचा आकडा आहे. भिलाईच्या कारखान्यात आता 130 मीटरचा एकसंध रूळ लाटतात आणि असे दोन रूळ विजेच्या प्रवाहाने टोके तापवून, एकमेकांवर दाबून जोडतात, तेव्हा 260 मीटरचा पट्टा तयार होतो. तो मावण्यासाठी अनेक वाघिणींवरून एकच रूळ पसरलेला असतो आणि गाडी वळणावर आली की तोही तिच्याबरोबर वळतो. प्रतीचा 260 आणि लांबीचा 260 हा निव्वळ योगायोग आहे. माझ्या मते 60, 90 आणि 260 हे तीन आकडे मराठीत कधीही एकटे लिहू नयेत. त्यांच्यामागे ‘पौंड’, ‘किलो’, ‘मीटर’, ‘प्रत’ यांपैकी एक शब्द असलाच पाहिजे. पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानात हवा नुसत्या आकड्याने मागितली तरी चालते, रुळावर चालत नाही.

आता फटीचे. पोलादाचा एक मीटर एक अंश तापला तर सुमारे 0.0115 मिलिमीटर वाढतो. तेरा मीटरचा रूळ तीस अंशांनी तापला तर वाढ साडेचार मिलिमीटर, आणि तेवढ्यासाठी फट पुरत असे. पण सलग एक किलोमीटर रूळ मोकळा सोडला, तर तेवढ्याच तापमानाला तो साडेचौतीस सेंटीमीटर वाढेल. लांब जोडलेल्या मार्गात तो मोकळा सोडलेलाच नसतो. प्रत्येक काँक्रीट स्लीपरवर, म्हणजे एका किलोमीटरमध्ये साधारण 1660 ठिकाणी, स्प्रिंगसारख्या पोलादी क्लिपांनी तो आवळलेला असतो आणि स्लीपर खडीत रुतलेले असतात. वाढ अडवली जाते आणि तिच्याऐवजी रुळात दाब साठतो. साठ किलोच्या रुळात हा दाब दर अंशाला सुमारे 1.9 टन येतो. तीस अंशांना एका रुळात 57 टन. फक्त दोन्ही टोकांचा सुमारे शंभर-शंभर मीटरचा भाग थोडा मागेपुढे होतो आणि त्यासाठी तिथे सरकता सांधा बसवतात. मधला भाग जागचा हलत नाही.

म्हणून खान्देशात खडीला मी रुळाइतकाच मान देतो. मे महिन्यात हवा 45 अंशांवर गेली की रूळ साठीच्या पुढे जातो, हात लावता येत नाही. त्या वेळी कोणी स्लीपरांच्या कडेची खडी उपसून ठेवली असेल, तर तो साठलेला दाब रुळाला आडवा ढकलतो आणि सरळ मार्गाला नागमोडी आकार येतो. उन्हाळ्यात दुपारी गस्त घालतात ती यासाठी. हिवाळ्यात उलट होते. पहाटे पारा दहाच्या खाली गेला की रूळ आकसू पाहतो, त्याला आकसू दिले जात नाही, आणि दाबाऐवजी ओढ साठते. आत एखादी भेग असेल तर ती याच वेळी उघडते. पांझराकाठ यांनी ज्याला चिवटपणा म्हटले, त्याची परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे होते. अशा भेगा ध्वनिलहरींच्या यंत्राने आधीच शोधतात आणि ताबडतोब बदलायच्या रुळावर लाल रंगाने तीन फुल्या, तर नजर ठेवायच्या रुळावर एक फुली मारतात. आबांनी त्या फुल्या किती वेळा पाहिल्या असतील, हे त्यांनाच विचारा.

शब्दांबद्दल माझे एक मत आहे. कामावर आम्ही हेड, वेब आणि फूट असेच म्हणत होतो आणि आजही तसेच म्हणतात. वर्गासाठी मराठी शब्द हवे असतील तर माथा, कंबर आणि पाय हे पुरेसे आहेत. कंबर बारीक आणि पाय रुंद, हे चित्र मुलांना लगेच समजते. मात्र ‘सांधा’ हा शब्द जपून वापरा. दोन रूळ जोडतात तोही सांधा आणि गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेतात तोही सांधा. सांधेवाला हा दुसऱ्या सांध्याचा माणूस, आणि आबा पहिल्या सांध्याचे.

गिरणाकाठ

माझी चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे. आमच्या कागदांवर ‘90’ एवढेच लिहिलेले असायचे आणि मी त्याचा एकच अर्थ धरून चाललो होतो. आजच जुनी कागदपत्रे काढून प्रत्येक ठिकाणी पौंड की ताणबल, हे तपासायला बसलो आहे. ताईंना एक सुचवतो : घंटेचा तुकडा काट्यावर तोलून पाहा. आपल्याकडे केळीचे काटे गावोगाव आहेत.

सातपुडा_रावेर

काल शाळा सुटल्यावर तोलला. दोन मोठ्या मुलांनी साखळीतून घंटा उतरवली आणि शेजारच्या केळीच्या काट्यावर नेली. मुलांनी टेपने मोजलेली लांबी बरोबर 45 सेंटीमीटर भरली, आणि वजन 19 किलो 400 ग्रॅम. मीटरला 44.6 किलोच्या हिशोबाने ते वीस किलोंच्या थोडे वर यायला हवे होते. सुमारे सातशे ग्रॅमची तूट कुठे गेली, यावर मुलांचा बराच वाद झाला. कोणी गंज म्हणाले, कोणी साखळीसाठी पाडलेले भोक म्हणाले. तेवढ्यात आबांनी तुकडा आडवा ठेवायला सांगितला आणि माथ्याच्या एका कडेवरून बोट फिरवले. ती कड दुसरीपेक्षा स्पष्टपणे खाली गेलेली आहे. “ही बाजू चाकाची,” ते म्हणाले, “हा वळणावरचा रूळ होता.”